उताऱ्याचे गणित

दिवाळीच्या आठवड्यात ज्या घरी पाकातले रव्याचे लाडू होतात, त्या घरी एक शास्त्रीय प्रयोग पार पडतो. मात्र त्याला प्रयोग म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. गृहिणी पातेल्यातला पाक चमच्याने उचलते, दोन बोटांत धरते, बोटे अलगद दूर करते आणि एक तार निघाली की पातेले खाली उतरवते. तार निघण्याआधी उतरवला तर लाडू बसतो; तार ओलांडली तर लाडू फोडायला खलबत्ता घ्यावा लागतो. हातात थर्मामीटर नाही, काटा नाही. तरीही पाण्यात साखर किती दाटली आहे याचे माप ती अचूक घेते.

तिच्या बोटांना जे कळते त्याचे कारण असे. साधे पाणी समुद्रकाठी १०० अंशांवर उकळते. आमच्या सोलापुरात, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर, ते अंश-दीड अंश आधीच उकळते, कारण डोक्यावरच्या हवेचा भार तेवढा कमी. पाण्यात साखर असली की उलट घडते: जितकी साखर दाट, तितका उकळबिंदू वर चढतो. म्हणून एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही पाकाची नावे म्हणजे उष्णतेचे आणि दाटपणाचे अंशच आहेत. फक्त ते आकड्यांत लिहिलेले नाहीत. ते आकड्यांत कसे आले आणि आल्यावर त्यांनी कोणाच्या संसारात किती ढवळाढवळ केली, ही हकिगत मला सांगायची आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने साखर कारखान्याच्या गणितात का शिरावे, असे कोणी विचारील. सोलापूर जिल्ह्यात राहून, उसाच्या घरची मुले वर्गात बसवून, त्यात न शिरता राहणेच अवघड आहे.

लाडवाच्या पातेल्याचा थोरला भाऊ म्हणजे गुऱ्हाळातली काहील. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाण धडधडत असते, वाळलेली चिपाडे आत सारली जातात. चुना पडतो, भेंडीचे चिकट पाणी पडते, वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात. या सगळ्याचा धनी गुळव्या. रस ११८ अंशांच्या आसपास आला की गूळ उतरवायचा, हे आजचे पुस्तक सांगते. गुळव्या रसाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांत त्याची गोळी वळते का पाहतो, ती भांड्याच्या कडेवर आपटून तिचा आवाज ऐकतो आणि हाक देतो. क्षणभर उशीर झाला तर सबंध काहिलीचा रंग जातो. बाजारात ढेपेचा भाव त्या रंगावर ठरतो. अशा माणसाला अडाणी म्हणण्याची हिंमत मला होत नाही.

पण काहिलीत एक मोठी उधळपट्टी आहे, आणि ती गुळव्याच्या हातात नाही. शंभर टन रसात साखर आणि इतर विरघळलेले घन पदार्थ मिळून साधारण पंधरा टन. उरलेले पंच्याऐंशी टन पाणी. हे पाणी उडवायचे म्हणजे तितकी उष्णता द्यायची. आणि काहिलीतून निघालेली वाफ, म्हणजे सरपणातून आलेली सारी ऊब, आभाळात जाते. गुऱ्हाळाजवळून जाताना जो गोड वास येतो, तो या उधळपट्टीचाच वास.

ही वाफ पुन्हा वापरता येईल का, हा प्रश्न साखरेच्या इतिहासातला फार मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्याने दिले त्याचे नाव आपल्याकडे साखर कारखान्यातल्या माणसांनाही ठाऊक नसते. नॉर्बर्ट रिलिए हा १८०६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे जन्मला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची पण स्वतंत्र. म्हणून मुलगाही स्वतंत्र. पण ज्या लुइझियाना प्रांतात तो वाढला, तेथील उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. उघड्या कढयांची एक रांग असे, आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत लांब दांड्याच्या पळ्यांनी ओतण्याचे काम गुलामांकडे. त्यात भाजणाऱ्यांची गणती कोणी ठेवली नाही. रिलिए पॅरिसला शिकला, तेथे वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला, आणि परतल्यावर १८४३ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले.

त्याची कल्पना अशी. इंग्लंडात हॉवर्ड नावाच्या माणसाने १८१३ सालीच दाखवून दिले होते की भांडे बंद करून त्यातली हवा खेचून घेतली तर रस कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. सोलापुरात पाणी समुद्रकाठापेक्षा आधी उकळते ना, त्याच न्यायाने. रिलिएने अशी भांडी एकापुढे एक मांडली. पहिल्या भांड्याला बॉयलरची वाफ, पहिल्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत, दुसऱ्याची तिसऱ्यात. पुढचे प्रत्येक भांडे मागच्यापेक्षा कमी दाबाचे, म्हणून मागच्याची निवलेली वाफही पुढच्याला उकळवू शकते. एका टन वाफेने काहिलीत जेमतेम एक टन पाणी उडते. चार भांड्यांच्या रांगेत जवळजवळ चार टन. उकळत्या रसाजवळ उभे राहून पळी चालवायची गरजही उरली नाही. ज्याने हे केले त्याला मात्र रंगामुळे त्याच्याच गावात बरोबरीची वागणूक मिळेना. तो फ्रान्सला परत गेला आणि १८९४ साली पॅरिसमध्येच वारला.

ही भांडी आमच्या बाजूला आली ती कालव्याच्या पाण्यामागून. भाटघरचे नवे धरण होऊन नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात पोहोचला आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिले. तेव्हा देशात आधुनिक कारखाने तीसच्या आसपास होते. तीन-चार वर्षांत ते शंभराच्या पुढे गेले. त्याच लाटेत सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ आपला कारखाना उभारला. त्या जागेला माळीनगर म्हणतात. जिल्ह्याच्या हद्दीलगत, इंदापूर तालुक्यातल्या कळंबला, वालचंद हिराचंदांनी मळा आणि कारखाना काढला. वालचंदशेठ १८८२ साली सोलापुरातच जन्मले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले, आणि तेथे साखरेबरोबर साखर कारखान्यांची यंत्रेही बनू लागली. सहकारी कारखान्यांचे पर्व त्यानंतरचे; १९५० साली प्रवरानगरचे धुराडे पेटले तेव्हापासूनचे. ती कथा वाचकांना पाठ आहे.

यंत्र परदेशातून मागवता येते. आकडेमोड मात्र इथेच करावी लागते. ऊस इथला, पाणी इथले, चिपाडाचा ओलावा इथला. आणि येथे एक मोठी मौज आहे.

समजा, चार भांड्यांची रांग बसवायची आहे. शंभर टन रस येतो, त्यात पंधरा टन घन पदार्थ. बाहेर जो दाट रस जायला हवा त्यात शंभरात साठ भाग घन हवा. घन पदार्थ तर उडून जात नाही. म्हणजे बाहेर पंचवीस टन पाक जाणार आणि पंच्याहत्तर टन पाणी उडणार. एवढे सातवीच्या मुलालाही त्रैराशिकाने येते. पण प्रत्येक भांड्यात किती उडेल? पहिल्यात किती अंशांवर रस उकळेल, दुसऱ्यात किती? पहिल्यात जास्त पाणी उडाले तर दुसऱ्याला जास्त वाफ मिळेल, पण त्याच्याकडे येणारा रस दाट असेल. दाट रसाचा उकळबिंदू चढतो, शिवाय दाट रसात उष्णता सावकाश शिरते. मग दुसऱ्याला अधिक तफावत द्यावी लागेल, ती तिसऱ्याच्या वाट्यातून काढावी लागेल. चौघा भावांच्या एकत्र कुटुंबासारखे आहे हे. एकाचा वाटा ठरवायचा तर उरलेल्या तिघांचे ठरलेले असावे लागतात, आणि त्या तिघांचेही तेच.

अशा वेळी रसायनशास्त्री काय करीत? अंदाज धरीत. चला, चारही भांड्यांत सारखे पाणी उडते असे समजू: प्रत्येकी पावणेएकोणीस टन. तर पहिल्यातून निघणारा रस शंभरात साडेअठरा भागांचा, दुसऱ्यातून चोवीसचा, तिसऱ्यातून चौतीसचा आणि चौथ्यातून साठचा. पाहा, पहिली तीन भांडी मिळून जेवढी दाटी करतात, त्याहून अधिक एकटे चौथे करते! या दाटपणांवरून उकळबिंदू काढायचे. पहिल्या भांड्याला ११० अंशांच्या आसपासची वाफ आणि शेवटच्यात ५५-६० अंश, यांमधली तफावत चौघांत वाटायची. त्यावरून प्रत्येकाला नळ्यांचा पृष्ठभाग किती लागेल हे काढायचे. पहिल्या फेरीत चारही पृष्ठभाग वेगवेगळे येतात. पण कारखान्याला भांडी सारख्या मापाची बरी पडतात. मग ज्याला पृष्ठभाग जास्त लागला त्याला थोडी अधिक तफावत द्यायची, आणि सारे गणित पुन्हा पहिल्यापासून. दुसरी फेरी जवळ येते, तिसरी आणखी जवळ. आकडे हलायचे थांबले की उत्तर मिळाले. लॉगची कोष्टके उलटीत, कागदामागून कागद भरीत हे काम चाले.

धरलेल्या आकड्यावरून खरे उत्तर काढायची युक्ती परदेशातून आलेली नाही, हे सांगताना मला शिक्षक म्हणून थोडा अभिमान वाटतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, इष्टकर्म आहे: मनात एक सोयीची संख्या धरा, तिच्यावर क्रिया करा, आणि जे येईल त्याच्या प्रमाणात खरी संख्या काढा. हे सरळ प्रमाणाच्या उदाहरणांना पुरते. भांड्यांच्या गणितासारखे जेथे एकात एक गुंतलेले असते, तेथे आपल्या ज्योतिषग्रंथांत दुसरा शब्द आहे: असकृत्कर्म. सकृत् म्हणजे एकदा. असकृत्कर्म म्हणजे एकदा करून न भागणारे, पुन्हा पुन्हा करायचे कर्म. सूर्यग्रहणाचा मध्यकाळ काढायचा तर चंद्राचे लंबन माहीत हवे, आणि लंबन काढायचे तर मध्यकाळ माहीत हवा. मग अंदाजाची वेळ धरून लंबन काढायचे, त्यावरून वेळ सुधारायची, सुधारलेल्या वेळेवरून पुन्हा लंबन. आकडे स्थिर होईपर्यंत. आमच्या सोलापुरातून शंभराहून अधिक वर्षे दाते पंचांग निघते आहे. आज आपण ज्यात लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहिला, त्या पंचांगाच्या विद्येची आणि साखर कारखान्याच्या भांड्यांची रीत एकच, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी वाचकांपासून लपवून ठेवीत नाही.

या असल्या गणितांना पुढे रीतसर शास्त्राचे रूप आले. साखर असो, दारू असो, की रंग. पाणी उडवणे, गाळणे, ऊर्ध्वपातन करणे या क्रिया सगळीकडे त्याच आहेत, हे इंग्लंडात डेव्हिसने १८८७ सालच्या व्याख्यानांत मांडले आणि अमेरिकेत लिटलने १९१५ साली त्याला नाव दिले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली निघाला. पुण्यात साखर तंत्रज्ञांची संघटना १९३६ साली. पुण्याचीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली. त्या प्रयोगशाळेतले दोराईस्वामी आणि मुंबईचे मनमोहन शर्मा यांनी १९८४ साली दोन खंडांचा जो ग्रंथ लिहिला, तो विषमस्वरूपी रासायनिक क्रियांच्या गणिताचा. तो परदेशातही आधार म्हणून वापरला गेला. शर्मांचे एक विद्यार्थी गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. एवढे सांगून पुढे जातो, कारण मोठ्या माणसांच्या यादीपेक्षा मला त्यांच्या कागदावरचा कारखाना अधिक ओढतो. खरा कारखाना उभारण्याआधी समीकरणांचा एक कारखाना उभारायचा, त्यात रस सोडायचा, वाफ सोडायची, आणि काय होते ते पाहायचे. संगणक आल्यावर हा कागदी कारखाना पडद्यावर गेला आणि तीन फेऱ्यांच्या जागी तीनशे फेऱ्या डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊ लागल्या. रीत तीच: धरा, करा, तपासा, सुधारा.

पण कागदी कारखान्याच्या नळ्यांना खर धरत नाही. खऱ्या नळ्यांना धरतो. महिना लोटतो आणि उष्णता शिरेनाशी होते. म्हणून प्रत्यक्षातले आकडे कागदाशी पुन्हा ताडून पाहावे लागतात. आणि येथेच हे गणित तज्ज्ञांच्या खोलीतून निघून शेतकऱ्याच्या ओट्यावर येऊन बसते.

आमच्याकडे शेतकऱ्याचे दोन उतारे असतात. एक सातबाराचा, तो तलाठ्याकडे. दुसरा साखरेचा, तो कारखान्याकडे. शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, तो साखर उतारा. उसाचा भाव याच्याशी बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये दर ठरवला होता, आणि त्यावर प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढीव. ज्याचा दोनशे टन ऊस गेला, त्याला एका दशांशाचा फरक ६,६४० रुपयांचा. पोरीच्या कॉलेजची फी म्हणा, की एका पंपाची दुरुस्ती. उतारा मात्र त्याच्या एकट्याच्या उसाचा नसतो. सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. लागण वेळेवर करून, पाणी वेळेवर तोडून ज्याने गोड ऊस पिकवला, त्याचा आणि कोवळा ऊस घालणाऱ्याचा उतारा कागदावर सारखाच.

हा उतारा खरा आहे हे कसे ताडायचे? जमाखर्चाने. मी वर्गात फळ्यावर असा ताळा मांडतो, आकडे उदाहरणादाखलचे. शंभर किलो उसात १३ किलो साखर आली. पोत्यात ११ गेली. चिपाडात ०.६० राहिली, गाळात ०.०८, मळीत १.२०. (गुऱ्हाळात फेकून देतात तीही मळी आणि कारखान्यात टाकीत साठवून विकतात तीही मळी, भाषेने दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव देऊन मुलांची परीक्षाच घेतली आहे.) बेरीज १२.८८. उरले ०.१२. यालाच अनिश्चित तूट म्हणतात. रस आंबट होऊन साखर फुटली, तापलेल्या भांड्यातून थेंब वाफेबरोबर उडाले, काटा किंचित चुकला, नमुना भलत्याच मोळीचा घेतला, असे बरेच काही त्या एका रकान्यात राहते. कारखाना कसा चालला आहे हे मला विचाराल तर मी तो रकाना आधी वाचीन. तो फार मोठा असला तर कुठेतरी गळती आहे. आणि तो नेहमीच शून्य असला तर आकडे बसवले आहेत, हे कोणीही शिक्षक पेपर तपासता तपासता सांगेल.

मळीतल्या साखरेसाठी नोएल डीअर यांच्या नावाने ओळखले जाणारे एक देखणे सूत्र आहे. डीअर हा इंग्रज साखरतज्ज्ञ; १९११ साली त्याचा उसाच्या साखरेवरचा ग्रंथ निघाला. विरघळलेल्या शंभर भाग घनात साखर किती, याला शुद्धता म्हणतात. पक्क्या साखरेची शुद्धता १००, रसाची ८५ आणि मळीची ३५ धरली, तर रसातल्या शंभर भाग साखरेपैकी साडेनव्वद पोत्यात यायला हवी, असे ते सूत्र सांगते. मळीची शुद्धता ३० वर आणली तर साडेब्याण्णवच्या जवळ. मळीचे वजन करायचीही गरज नाही. तीन शुद्धता मोजल्या की पुरे. हे सूत्र म्हणजे मालाचा जमाखर्चच, बीजगणिताच्या पोशाखात. कारखान्याने काढायला हवी होती ती साखर आणि काढली ती साखर, यांतला फरक त्याने उघडा पडतो.

हल्ली या हिशेबात एक नवा पाहुणा आला आहे. इथेनॉलसाठी थेट रस किंवा साखर पुरती न काढलेली दाट मळी वळवली जाते. ती साखर पोत्यात पडतच नाही. मग पोती मोजून काढलेला उतारा कमी दिसतो. म्हणून वळवलेली साखर गणिताने उताऱ्यात परत मिळवावी लागते. न बनलेल्या साखरेचा दर शेतकऱ्याला आकडेमोडीवरून मिळतो! पूर्वी गुळव्याचा अंदाज चुकला तर ढेपेचा रंग बोलत असे. येथे बोलायला रंग नाही. फक्त मोजमाप आणि ते मोजणारा माणूस.

सोलापूरकरांनी २०२३ च्या जून महिन्यात सिद्धेश्वर कारखान्याची सुमारे नव्वद मीटरची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली गेलेली पाहिली. ती चिमणी सहवीजनिर्मितीची होती. म्हणजे भांड्यांच्या रांगेने वाफ वाचवली, म्हणून जे चिपाड उरते त्यातून वीज करण्याची. त्या वादात विमानतळ, राजकारण, कामगार, सगळ्यांवर बोलणे झाले. चिपाड मुळात उरते कशामुळे, यावर कोणी बोलल्याचे मी ऐकले नाही.

फळ्यावरचा तो ताळा मांडला त्या वर्षी, पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. "गुरुजी, तुटीचे बारा ग्रॅम कोणाच्या खात्यावर?" मी दुरुस्ती केली: शंभर किलोला एकशेवीस ग्रॅम. "बरं, एकशेवीस. पण कोणाच्या?"

मी तिला हिशेब जसा आहे तसा सांगितला. दर पोत्यातल्या साखरेवर ठरतो. म्हणून रस आंबला, थेंब उडाले, नळ्यांना खर धरला, तर ती साखर कारखान्याच्या पोत्यातून जाते, तशी शेतकऱ्याच्या उताऱ्यातूनही जाते. ऊस कितीही गोड असला तरी. नळ्या वेळेवर घासल्या की नाही हे शेतकऱ्याला दिसत नाही, दिसतो तो फक्त वर्षअखेरचा आकडा. तिने वहीत पाचही रकाने पुन्हा उतरवून घेतले, आणि "हे घरी दादांना दाखवते" म्हणून पान दुमडून ठेवले.